सहा तासांची पट्टी

हे मी डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर ताटकळत बसलेल्या आयांसाठी लिहिते आहे. बापांनीही वाचावं, त्यांना कोणी अडवलेलं नाही. पण मुलाच्या डोळ्यावर पट्टी चिकटवायचं काम बहुतेक घरांत आईच्याच गळ्यात पडतं, आणि चूक करायची संधीही तिलाच मिळते. मला ती मिळाली. मी ती सोडली नाही.

मी धारवाडला एका मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. निवृत्त होईपर्यंत पहिलीचाच वर्ग माझ्याकडे. घर तिथल्याच मळमड्डी भागात. घरात मी, माझे यजमान आणि आमचा एकुलता एक मुलगा ओंकार. यजमान सरकारी कचेरीतून निवृत्त झालेत. ओंकार त्यांना अप्पा म्हणतो, त्यामुळे हळूहळू मीही अप्पाच म्हणायला लागले. ओंकार तारिहाळच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये कामाला होता. यंत्रावर कापलेला भाग हातात घ्यायचा आणि केसाएवढा फरक व्हर्नियरच्या बारीक मोजपट्टीवर वाचायचा, हे त्याचं काम आणि हाच त्याचा तोरा. जेवायला बसला की माझी चपाती उचलून बघायचा. "आई, ही एका बाजूला अर्धा मिलिमीटर जास्त झाली बघ," म्हणायचा आणि तीच आधी संपवायचा.

गेल्या वर्षी एका सकाळी कारखान्यातून फोन आला. ग्राइंडरच्या चाकाचा कपचा उडून ओंकारच्या उजव्या डोळ्यात गेला होता. संरक्षक चष्मा घामानं धूसर झाला म्हणून पुसायला त्यानं क्षणभर काढला होता. त्याच्या मित्रांनीच त्याला हुबळीला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. आम्ही पोचलो तेव्हा त्याला आत घेतलेलं होतं. चार दिवसांत दोन शस्त्रक्रिया झाल्या. दुसरीनंतर डॉक्टर बाहेर आल्या, आमच्याशेजारी बाकावर बसल्या. डॉक्टर शेजारी येऊन बसले की समजावं. उजव्या डोळ्याची दृष्टी गेली, त्यांनी सांगितलं.

अप्पांनी लगेच विचारलं, "डावा आहे ना पण?"

डावा होता. तीच तर सगळी गोष्ट आहे.

*

डावा डोळा ओंकारला लहानपणापासून कमी दिसायचा. तिरळा नव्हता, दिसायला अगदी उजव्यासारखा, म्हणून आम्हाला कळलंच नाही. तो सहा वर्षांचा असताना शाळेत डोळेतपासणी झाली. उजवा डोळा झाकल्याबरोबर माझा हुशार मुलगा तक्त्यासमोर गप्प उभा राहिला. मी बाजूला उभी. मला वाटलं, चेष्टा करतोय. मी त्याला डोळे वटारले.

धारवाडच्या तेव्हाच्या डॉक्टरांनी फार सोप्या शब्दांत समजावलं होतं. ते वयस्कर होते, घाई करत नसत. म्हणाले, "बाई, डोळा चांगला आहे. पण त्याला मोठा नंबर होता, त्यामुळे त्याच्याकडून मेंदूला नेहमी पुसट चित्र गेलं. मेंदूनं त्या डोळ्याचं ऐकणंच सोडून दिलं. लोक याला आळशी डोळा म्हणतात. आता चष्मा द्यायचा, आणि चांगला डोळा रोज सहा तास झाकायचा, म्हणजे मेंदूला झक मारत डाव्याचं ऐकावं लागेल. हे आत्ताच होतं. मूल लहान असतं तोवर मेंदू ऐकतो. पुढे तो हट्टी होतो."

हे मला नव्यानं सांगायची गरज नव्हती. मी सांगलीकडची. लग्न होऊन धारवाडला आले तेव्हा मला कन्नडचा गंध नव्हता. आज इतकी वर्षं झाली, अजून मी तोंड उघडलं की भाजीवाली हसू दाबते. आणि ओंकार? तीन वर्षांचा असताना गल्लीतल्या पोरांत मिसळून महिन्याभरात कन्नडमध्ये भांडून यायचा. माझ्या वर्गातही तेच दिसायचं. सहा वर्षांचं मूल दोन महिन्यांत जे उचलतं, त्यासाठी मोठ्या माणसाला वर्ष घासावं लागतं, आणि तरी ते उपरंच राहतं. शिकायचं वय असतं, हे मी पालकसभेत हात हलवून सांगत असे.

तरीही मी पट्टी ओंकार झोपल्यावर लावायला लागले.

*

आधी हे कसं झालं ते सांगते. कातडीच्या रंगाची ती चिकटपट्टी उजव्या डोळ्यावर लावली की ओंकार वेगळाच मुलगा व्हायचा. धडपडायचा, दुधाचा पेला लवंडायचा. त्याहून वाईट म्हणजे वाचायचा नाही. मोठं एकटं अक्षर दाखवलं तर ओळखायचा. शब्द दाखवला की अडायचा, बोट ठेवून ठेवून, रडकुंडीला येऊन. आणि तो माझ्याच वर्गात होता. माझा वर्ग म्हणजे सगळ्या शाळेत वाचनासाठी नावाजलेला. बाईंचा स्वतःचा मुलगा फळ्यासमोर उभा राहून एक ओळ वाचू शकत नाही, आणि बाकीची बारकी पोरं मागून उत्तर सांगतायत, हे मला सोसेना.

म्हणून ठरवलं, शाळेत पट्टी नको. घरी आल्यावर लावू. घरी आला की खेळायला जायचा. पोरं चिडवायची, तो पट्टी उपटून खिशात घालायचा. मग अभ्यास. अभ्यासाला डोळा लागतो. मग जेवण. उरली झोप. डॉक्टरांनी सहा तास सांगितले होते, झोपेत आठ होत होते. दवाखान्यानं एक तक्ता दिला होता, रोजचे तास भरायचे. मी तो हिरव्या शाईनं भरत होते. आठ, आठ, आठ.

सकाळी अप्पा खोबरेल लावून पट्टी अलगद सोडवायचे. ओंकारच्या गालावर लालसर चौकोन उमटलेला असायचा. तेवढ्यानं आम्हा दोघांना वाटायचं, उपचार चाललाय.

इथपर्यंतची हकीकत मी अलीकडे अनेकांना सांगितली आहे, आणि शेवटी म्हटलं आहे, मला कळलंच नव्हतं हो. औषधाच्या लेपासारखी काहीतरी ती पट्टी, लावली की गुण येतो, असं वाटलं.

पहिले चार महिने ते खरं होतं. मग तपासणीला गेलो. डाव्या डोळ्यात काडीचा फरक नव्हता. तिथल्या नर्सनं तक्ता बघत सहज विचारलं, "जागा असतानाच लावता ना?" मी म्हटलं, "होय की." आणि म्हणता म्हणताच मला सगळं लख्ख कळलं. मिटलेल्या डोळ्याला कुठलं आलंय शिक्षण? पहिलीची शिक्षिका मी, आणि हे मला नर्सकडून कळावं.

घरी येऊन मी आठ दिवस पट्टी दिवसा लावली, अगदी शाळेतसुद्धा. नवव्या दिवशी वाचनाची परीक्षा जाहीर झाली. मी स्वतःशी म्हटलं, परीक्षा होऊ दे, मग लावू.

ती परीक्षा झाली, पुढची आली. पुढे दोन-अडीच वर्षं पट्टी पुन्हा झोपेतच, आणि तक्त्यात मी आठ-आठ तास भरत गेले. मग डॉक्टर म्हणाले, काही मुलांना गुण येत नाही, आता थांबवू. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवते.

*

आता पुन्हा हुबळीच्या वॉर्डात येते.

डोळ्यांच्या वॉर्डातली वेळ ड्रॉपवर चालते. दर तासाला नर्स येणार, पापणी खाली ओढणार, थेंब टाकणार आणि पुढच्या खाटेकडे जाणार. खिडकीशी आम्ही नातेवाईक डबे घेऊन बसायचो. शेजारच्या खाटेवर हुबळीच्याच दुर्गदबैल बाजारातले एक कापडव्यापारी होते, मोतीबिंदूचे. त्यांना घरून रोज भरपूर डबा यायचा. ते ओंकारच्या हातात वाटी द्यायचे आणि त्याचा हात धरून वाटीत नेमकं काय कुठे आहे ते दाखवायचे. "इकडं भात, इकडं सार. चुकलास तर माझं जाईल, तुझं न्हवं." अपघातानंतर ओंकार पहिल्यांदा हसला तो त्यांच्यामुळे. त्यांचं नावही मी विचारलं नाही, याची हळहळ वाटते.

पाचव्या दिवशी डॉक्टरांनी डावा डोळा तपासला. ओंकारला तक्त्यावरचं सगळ्यांत मोठं, वरचं एकच अक्षर दिसलं. डॉक्टर तरुण होत्या, कन्नडच बोलत होत्या. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "लहानपणी पट्टी लावली होती का? रोज? किती तास?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "हौद्री. दिनक्क आरु तास." होय, दिवसाला सहा तास. वीस वर्षांनीही उत्तर तयार होतं.

त्यांनी फायलीत लिहून घेतलं. मग ओंकारला म्हणाल्या, "वेळेवर पट्टी लावूनही फरक पडला नव्हता, म्हणजे आता या वयात या डोळ्याकडून फार अपेक्षा ठेवता येणार नाही. भिंग देऊ, मोबाइलवर अक्षरं मोठी करायला शिकवू." ओंकारनं मान हलवली. मी त्याच्या पायांवरची चादर सारखी केली. एका वाक्यात मी त्याचा उरलेला डोळाही नापास केला होता, आणि ते मला त्याच क्षणी माहीत होतं.

*

घरी आल्यावर ओंकार भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. दाढी नाही, मित्रांचे फोन नाहीत. चहा ओतताना धार कपाच्या बाहेर जायची, म्हणून त्यानं चहाच सोडला. मी भिंग समोर ठेवलं तर म्हणाला, "कशाला? हा डोळा शिकून नापास झालेला आहे, आई. आता पुन्हा वर्गात बसवू नकोस."

एक दिवस स्वयंपाकघरात मी अप्पांना म्हटलं, "डॉक्टरांना खरं सांगायला पाहिजे."

"काय सांगणार?"

"झोपेत लावत होते ते."

अप्पांनी ओटा पुसायला घेतला. मग म्हणाले, "आता सांगून डोळा येणाराय का? पोराला आई-बापाबद्दल जे वाटतंय तेवढं तरी राहू दे की."

मला हेच ऐकायचं होतं. मी त्यांच्या आड लपले. वर भांडलेही, "सकाळी तेल लावून तुम्हीच काढायचात ना? तुम्हाला दिसत नव्हतं?" ते म्हणाले, "दिसत होतं. तू शाळेतली बाई, तुला कळत असणार असं वाटलं." त्या दिवसापासून आम्ही दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलायला लागलो. घरात तीन माणसं आणि तिघांचे तीन कोपरे. असा सव्वा महिना गेला. आजारपणातले ते दिवस मला सर्वांत जड गेले, आणि ते मी स्वतः आणलेले होते.

*

सव्वा महिन्यानं तपासणीला पुन्हा हुबळीला गेलो. बाहेरच्या बाकावर मी आणि ओंकार. समोर एका बाईच्या मांडीवर पाचेक वर्षांची मुलगी, डोळ्यावर पट्टी, आईच्या खांद्यावर गाढ झोपलेली. दवाखान्यातली डोळ्यांचे व्यायाम शिकवणारी तरुणी आली. तिनं त्या आईला विचारलं, कधीपासून झोपलीय? आई कौतुकानं म्हणाली, पट्टी लावली की झोपतेच, त्रास देत नाही.

ती तरुणी हसली नाही. म्हणाली, "अक्का, मलगिद कण्णु एन कलीतैत्री?" झोपलेला डोळा काय शिकणार? "उठवा तिला. रडू दे. रंगवायला द्या, मणी ओवायला द्या, वाटेल ते करू दे, पण डोळा उघडा पाहिजे. हे तास परत मिळत नाहीत."

मी ओंकारकडे पाहिलं. तो ऐकत होता, पण त्याला त्यात आपलं काही दिसलं नव्हतं. त्याला का दिसावं? त्याच्या दृष्टीनं त्याच्या आईनं सगळं केलं होतं.

आमचं नाव पुकारलं. आत गेल्यावर खुर्चीवर बसायच्या आधीच मी बोलले. कन्नड सुचेना, मराठीतच बोलले, तुटक. की पट्टी लावली होती पण झोपेत. की चार महिन्यांनी मला कळलं होतं. की तरी मी बदललं नाही, कारण तो वाचायचा थांबत होता आणि तो माझ्या वर्गात होता. तक्ते खोटे होते. मागच्या वेळीही मी खोटं बोलले.

डॉक्टरांना मराठी कितपत येत होतं कोण जाणे, पण ओंकारनं त्यांना कन्नडमध्ये सांगितलं. माझा कबुलीजबाब माझ्याच मुलानं भाषांतर करून दिला, एकही शब्द न गाळता, सपाट आवाजात.

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी फाइल उघडली, आपली जुनी ओळ खोडली. म्हणाल्या, "म्हणजे या डोळ्यावर उपचार झालेच नाहीत. हे कळायला हवं होतं." मग ओंकारला म्हणाल्या, "सहाव्या वर्षी जे झालं असतं ते आता होणार नाही, मी खोटी आशा दाखवत नाही. पण चांगला डोळा गेल्यावर कधी कधी मेंदू दुसऱ्याचं थोडंफार ऐकायला लागतो. प्रयत्न करू या."

बसमध्ये ओंकार माझ्यापासून तीन सीट पुढे जाऊन बसला. आठ दिवस माझ्याशी एक शब्द बोलला नाही. नवव्या दिवशी मी भाजी निवडत होते तिथे येऊन उभा राहिला.

"आई, एक विचारतो. ते माझ्यासाठी केलं होतंस, का तुझ्या वर्गासाठी?"

तुझ्यासाठी, असं म्हणता आलं असतं. मुलाचं वाचन मागे पडू नये असं कोणत्या आईला वाटत नाही?

"माझ्यासाठी," मी म्हटलं. "माझ्या नावासाठी."

तो म्हणाला, "बरं." मग खाली बसला आणि मेथीची जुडी ओढून पानं खुडायला लागला. निम्मे देठ तसेच राहत होते. मी भाजी तशीच फोडणीला टाकली.

*

व्यायाम रोज चालू झाले. पुठ्ठ्यावर मोठी अक्षरं, एकमेकांपासून लांब लांब. एकेकटं अक्षर ओंकारला लवकर यायला लागलं. अक्षरं एकमेकांजवळ आणली की पुन्हा तेच अडणं. "अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढतात गं," तो म्हणायचा. सहा वर्षांचा असताना त्याला हेच होत होतं, फक्त सांगता येत नव्हतं. आणि मी तेव्हा म्हणायची, लक्ष नाही तुझं. माझ्या वर्गात अशी अडणारी किती मुलं येऊन गेली असतील आणि मी किती जणांच्या प्रगतिपुस्तकात 'लक्ष देत नाही' असं लिहिलं असेल, ते आठवायची मला हिंमत होत नाही.

मी सवयीनं एकदा "शाब्बास" म्हटलं. तो पुठ्ठा खाली ठेवून म्हणाला, "आई, शाब्बास म्हणू नकोस." तेव्हापासून नाही म्हणत. नुसती बसते, पुठ्ठा बदलते. अप्पा अक्षरांमधलं अंतर मोजायला फूटपट्टी घेऊन बसतात. तेवढ्या निमित्तानं आम्ही तिघं एका खोलीत आलो.

आठ महिन्यांत तक्त्याच्या वरून चौथ्या ओळीपर्यंत आलो. वर्तमानपत्राचे मथळे तो वाचतो, मोबाइल वाचतो, चहाची धार कपात पडते. पाचवी ओळ येत नाही. शेवटच्या दोन तपासण्यांत काही हललं नाही, आणि डॉक्टरांनी सांगितलं की बहुधा एवढंच. कारखान्यानं त्याला ठेवून घेतलं, पण माल पाठवायच्या विभागात. व्हर्नियरवरच्या रेघा त्याला आता कधीच दिसणार नाहीत. त्यानं आपला व्हर्नियर मित्राला देऊन टाकला. त्या दिवशी मी देवघरात जाऊन रडले, त्याला दिसू नये म्हणून.

तर बाकावर बसलेल्या बायांनो, एवढंच सांगते. पट्टी मूल जागं असताना लावा. ते रडेल, अडखळेल, वर्गात मागे पडेल. पडू द्या. वाचन पुढच्या वर्षी येतं, दहाव्या वर्षीही येतं. डोळ्याचं तसं नाही. आणि हातून चुकलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, कितीही लाज वाटली तरी. मी सांगायला वीस वर्षं आणि वर सव्वा महिना लावला.

हे सगळं लिहून झाल्यावर मी ओंकारला वाचून दाखवलं. एवढं बारीक अक्षर त्याला वाचता येत नाही. त्याच्याबद्दल लिहिलंय तर त्याची परवानगी हवी. तो शेवटपर्यंत ऐकत होता.

मग म्हणाला, "असू दे. छाप." आणि विचारलं, "ती जी वाचनाची परीक्षा होती, तिच्यात मला किती पडले होते गं?"

"पैकीच्या पैकी," मी म्हटलं. "वर्गात पहिला आला होतास."

"असं?" तो म्हणाला. "मला काही आठवत नाही."